माझ्या मापाची मूठ

दोरी तुटली आणि मी चिखलात बसले.
बसले कसली, आपटले.
हातात मूठ, मुठीला वीतभर शेपूट,
समोर चेनसॉ गप्प.
कुंपणापलीकडून रोसाल्बा हसली.
मीही हसले. दुसरं काय करणार?

नोल्बेर्तो साल्मनच्या पिंजऱ्यांवर,
चौदा दिवस तिकडे, सात दिवस घरी.
आज तिकडचा पाचवा.
उत्तरेचा वारा सुटला की चिलोएची सगळी बंदरं बंद,
आणि चुलीपाशी लाकडं उरलेली अकरा.
मी पुन्हा मोजली.
मोजल्याने लाकूड वाढत नाही.

टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं.
चार स्क्रू. तीन मुकाट्याने निघाले.
चौथ्याभोवती भुसा आणि तेल थिजून बसलेलं,
ते खरवडलं बटाटे सोलायच्या सुरीने.
झाकणाच्या आत चकती,
चकतीखाली स्प्रिंग, वेटोळं घालून,
डूख धरल्यासारखी.
ती उडाली तर डोळा नेते, नोल्बेर्तो सांगायचा.
मी चष्मा चढवला. आईचा, वाचायचा.

पहिली दोरी किनाऱ्यावर सापडलेली,
कुठल्याशा जाळ्यातून सुटून आलेली,
हिरवी, फुकटची.
जाड निघाली. चकतीत मावेना, झाकण बसेना.
फुकटची म्हणून तीनदा बसवून पाहिली.
मग चिखल तुडवत म्हाताऱ्या आर्सेनियोच्या दुकानात.
त्याच्याकडे मोजपट्टी नाही,
किंवा आहे, तो काढत नाही.
नाकापासून बोटाच्या टोकापर्यंत दोरी ताणून म्हणाला,
"घे, एक करवतभर."
"तुमचा हात लांब आहे."
"मग तुझाच फायदा."

टोक मेणबत्तीवर धरलं.
नायलॉनचा आधी मोती होतो,
मग मोत्याला काळा धूर सुटतो,
तेवढ्यात ओल्या बोटांनी चिमटायचा.
चिमटला. बोट भाजलं.
भोकातून आत, आणि गाठ:
वडिलांनी होडीसाठी शिकवलेली,
ओढ बसेल तशी आवळत जाणारी.
गाठ अंधारात हाताला कळली पाहिजे, म्हणायचे.
त्यांचं बाकी फारसं काही
आठवत नाही मला.

चकतीवर फेरे दिले, वर दोन जादा,
स्प्रिंगला ताण यावा म्हणून.
अंगठ्याने चकती दाबून धरली, श्वासही.
मग दोरी पुरती ओढून पाहिली.
पुरती ओढल्यावरही
चकतीत अर्धा फेरा शिल्लक राहायला हवा,
नाहीतर एक दिवस स्प्रिंगच तुटते.
राहिला. अर्ध्याहून थोडा कमीच.

उरली मूठ.
जुनी प्लॅस्टिकची, दोन ठिकाणी तडकलेली,
काळ्या पट्टीवर काळी पट्टी,
आणि त्याच्या बोटांचे खळगे,
ज्यात माझी बोटं हरवायची.
कुदळीचा मोडका दांडा होता, लूमाचा.
लूमा सुरीला दाद देत नाही.
रात्री दहापर्यंत तासत बसले,
चुलीत सहावं लाकूड, मांडीवर भुगा.
मधे भोक, दोन्हीकडे दोन-दोन बोटांपुरती जागा.
माझ्या बोटांपुरती.

सकाळी करवत जमिनीवर ठेवली,
मागच्या कडीत बूट, पुढे डावा हात.
एक. दोन.
तिसऱ्याला खोकली.
चौथ्याला अख्ख्या खाडीने ऐकलं,
रोसाल्बाच्या कुत्रीने तर फारच.

नऊ दिवसांनी नोल्बेर्तो आला.
न विचारता ओढली,
तो दारही तसंच ओढतो.
मूठ हातातून निसटली, झाकणावर टक्कन बसली.
"लहान झालीय."
"हो."
त्याने ती उलटसुलट केली, वास घेतला.
"लूमा?"
"कुदळीचा दांडा."
"माझ्या कुदळीचा?"
मी चुलीत लाकूड सरकवलं.
तो थोडा वेळ उभा राहिला,
मग कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून
ओंडके फोडायला बाहेर गेला.